सुरतेला दाखव

आक्कांनी माझ्यादेखत घालवलेलं पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं होतं. मी कामाला लागून चारच दिवस झाले होते आणि त्यांच्या वेबसाइटवर आलेली ती पहिलीच ऑर्डर. नेकनूरच्या बसमधून उतरून मी बातमी सांगायला जवळजवळ धावतच गेले. आक्का पत्र्याच्या सावलीत लोकर कातत बसल्या होत्या. त्यांनी चरखा थांबवला, त्या बाईंना फोन लावायला सांगितला, आणि फोन कानापासून चार बोटं लांब धरून विचारलं, "घोंगडं कुनाला पायजे?"

पलीकडच्या बाई उत्साहानं सांगू लागल्या. नवीन घर घेतलंय, हॉलमध्ये मोठी भिंत आहे, तिच्यावर काहीतरी गावाकडचं, अस्सल असं लावायचंय.

"भित्तीवर?"

"हो ना. फ्रेम करून."

"भित्तीला थंडी वाजती का?"

आक्कांनी उत्तराची फार वाट पाहिली नाही. "बाई, तुमी आपलं क्यालिंडर लावा," म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. "दुसरं बघ."

दुसरं नव्हतंच. एका ऑर्डरसाठी मी चार दिवस डोळ्यांत तेल घालून बसले होते. पण आक्कांनी चरखा पुन्हा सुरू केला होता आणि त्या चरख्याच्या आवाजात माझं काही ऐकून घेण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

त्या वर्षी मी पुण्याहून बीडला भावाकडं परत आले होते. लग्न दोन वर्षांत संपलं होतं आणि पाठोपाठ जिथं काम करत होते ते ऑफिसही बंद पडलं. भाऊ-वहिनी चांगले होते. पण चांगल्या माणसांच्या घरातही आपण पाहुणे आहोत, हे रोज सकाळी चहाचा कप उचलताना कळायचं. कसल्याशा अर्जासाठी झेरॉक्स काढायला स्टँडजवळच्या दुकानात गेले, तर काचेवर वहीचं पान चिकटवलेलं. 'इंटरनेटवर घोंगडी विकायला माणूस पाहिजे. बाई चालेल. थंडी वाजणारं पाहिजे.' खाली नंबर.

"ही शेवटची ओळ काय?" मी दुकानदाराला विचारलं.

"मी म्हनलं त्यांला, काढतो ती ओळ," तो म्हणाला. "तर माझ्यावरच खेकसल्या. म्हन्ल्या, तीच खरी हाय."

मी नंबर लावला.

आक्कांचं घर नेकनूरच्या अलीकडं एका लहान गावात, गावाच्याही जरा बाहेर होतं. दोन खोल्या, पुढं पत्रा, पत्र्याखाली जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, आणि बाजूला काट्यांच्या कुंपणात मेंढ्या. मी पोचले तेव्हा माझ्याआधी एक जण आलेला होता. शहरातल्या कुठल्याशा एजन्सीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉप. तो त्यांना समजावत होता की वेबसाइट शोधात पहिल्या पानावर आणून देऊ, महिन्याचं पॅकेज, त्यात शंभर लोकांचे चांगले अभिप्राय आणि पाच-पाच चांदण्या.

"कोन लिव्हनार शंभर जन?" आक्का म्हणाल्या.

"आमची टीम आहे ना."

"त्यांनी घोंगडं पांघरलंय का?"

"नाही, पण त्याची गरज नसते."

"मंग त्यांला काय ठाव, चांगलं हाय का वंगाळ?" आणि मग जराही आवाज न चढवता, "च्या घ्या. बस धा मिंटांत हाय."

तो गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. साठीच्या आतबाहेरची बाई. काटकुळी, उंच, कपाळ रुंद, आणि डोळे असे की समोरचा खोटं बोलायच्या आधीच त्यांना दिसावं. वेबसाइट त्यांची आधीपासून होती. बचत गटाच्या एका प्रशिक्षणात बायकांना बनवून दिलेली, तीन अंधाऱ्या फोटोंची, दोन वर्षं कुणीही न उघडलेली.

"खरंच थंडी वाजती का तुला?"

"वाजते," मी म्हणाले. "उन्हाळ्यातसुद्धा अंगावर चादर लागते."

"कावून?"

"माहीत नाही."

"म्हाईत हाय तुला. सांगायचं न्हाई. ऱ्हाऊ दे." मग त्यांनी चिमूटभर लोकर बोटांत घेऊन चोळली, हुंगली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ह्या इंटरनेटवर एका गावाला दाखवायचं आन दुसऱ्या गावाला न्हाई, आसं करता येतं का?"

"येतं की. कुठल्याही शहरात दाखवता येतं."

"मंग सोमवारपास्नं ये."

मला वाटलं, मुलाखत थंडीवर झाली. ती या शेवटच्या प्रश्नावर झाली होती, हे समजायला मला पुष्कळ महिने लागले.

*

त्यांच्याकडं ऑफिस म्हणजे मागाच्या शेजारी टाकलेलं एक पोतं. खुर्ची मागितली तर म्हणाल्या, "उंचावर बसून घोंगडं कसं दिसंल तुला?" सकाळी मी आले की पहिला प्रश्न ठरलेला. "दुकान झाडलंस का?" म्हणजे वेबसाइट उघडून पाहिलीस का, कुणी काही विचारलंय का. वेबसाइटला त्या दुकानच म्हणायच्या. एकदा दिवसभर नेट नव्हतं तर बेचैन झाल्या. "दाराला कुलूप बघून मानूस माघारी गेलं आसंल," म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत कुणी आलं होतं का ते मला तीनदा विचारलं.

त्यांच्यात बायका लोकर कातायच्या, मागावर पुरुष बसायचे. आक्कांचे मालक चार वर्षांपूर्वी गेले तेव्हा गावाला वाटलं, माग आता मोडीत निघणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या. कुणीतरी म्हातारं म्हणालं, बाईनं मागावर बसू नये. आक्का म्हणाल्या, "मंग तुमी बसा." ते बसले नाहीत. आक्का बसल्या त्या बसल्याच.

मी घोंगड्याच्या माहितीत आधी जे लिहिलं होतं ते अर्थातच मऊ, ऊबदार, आरोग्यदायी असं होतं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मऊ कोन म्हनलं?"

"तसं लिहावं लागतं, आक्का."

"टोचतं की."

"पण टोचतं असं लिहिलं तर कोण घेईल?"

"ज्याला चालतंय त्यो घेईल. नव्या सुनंवानी आसतं. पयल्या वर्षी टोचतं. मंग तुजं अंग त्याला कळतं आन त्याचं तुला."

दोन दिवस मी घुसमटत बसले, आणि तिसऱ्या दिवशी चिडूनच लिहिलं: 'हे घोंगडं पहिल्या वर्षी टोचेल. त्याला मेंढीचा वास येईल, कारण ते मेंढीचं आहे. दुसऱ्या वर्षी तुम्ही त्याच्याशिवाय झोपणार नाही.' खाली एक फोटो. तो फोटो कसा असावा हे आक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं. काळं घोंगडं पसरलेलं, आणि त्यावर त्यांचा उजवा हात, बाही कोपरापर्यंत मागं सारलेली. त्या हातावर मनगटाच्या वर एक विंचू गोंदलेला होता. जुना, हिरवट, नांगी वर उचललेला. मला तो हात आवडला होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

आणि चमत्कार म्हणू नये, पण ऑर्डरी यायला लागल्या. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांनी घेतलं. साताऱ्याकडच्या एका बाईंनी बाळंतिणीसाठी घेतलं, आणि आक्का त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसल्या, बाळाला शेक कसा द्यायचा ते सांगत. बंगळूरच्या एका माणसाला त्यांनी सुरुवातीला नाहीच म्हटलं होतं, कारण त्याला सोफ्यावर टाकायला पाहिजे होतं. त्यानं आठ दिवसांनी पुन्हा फोन करून कबूल केलं की बायको गेल्यापासून तो सोफ्यावरच झोपतो. आक्कांनी फोनवर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, "त्याला ते मोठं दी. कडंचं."

"इकायचं म्हंजी काय," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "शोधायचं. ज्याला पायजे ते मानूस कुटं बसलंय ते शोधायचं. बाकी सगळी वरवरची गंमत."

मी पुण्यात तीन महिने फी भरून शिकले होते, तिथल्या एकाही सरांना हे इतकं साधं सांगता आलं नव्हतं.

*

एकाच गोष्टीवर आमचं पटत नव्हतं. ती म्हणजे सुरत.

पहिल्या दिवसापासून आक्कांचा हट्ट होता, जाहिरात सुरतेला दाखव. मी नाशिक म्हणाले, महाबळेश्वर म्हणाले, थेट हिमाचल म्हणाले. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "दाखव तिकडं बी. आदी सुरतेला दाखव."

मी दाखवली. दोन महिने. सुरतेतून एकही फोन आला नाही. लोक जाहिरात बघत होते आणि अंगठ्यानं वर सारत होते, हे मला इथं बसून दिसत होतं. तिथं घामाच्या धारा लागलेल्या असताना घोंगडं कोण घेणार? ऐन पावसाळ्यात एक दिवस मी सुरत बंद केली आणि तो सगळा खर्च नाशिक-पुण्याकडं वळवला. आक्कांना विचारलं नाही. मला वाटलं, मी जाणकार आहे, त्यांच्या भल्याचंच करतेय. त्याच महिन्यात ऑर्डरी दुपटीनं आल्या, आणि माझी खात्रीच पटली.

आक्का मात्र दर सोमवारी विचारायच्या, "सुरतेला दिसायलंय का?"

"दिसतंय."

"कोन इचारलं का?"

"अजून नाही."

"इचारतील."

असं सहा महिने चाललं. दर सोमवारी मी त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होते. ज्या डोळ्यांना खोटं बोलायच्या आधीच दिसतं असं मला वाटायचं, त्यांना ते दिसलं नाही. त्यांना ते खरंच असावं असं फार वाटत होतं, म्हणून दिसलं नसावं.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मागाला लावायच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ द्यायची होती. अंगणात दोन खुंटांमध्ये काळा ताणा ताणलेला, आक्का कुंच्यानं खळ लावत पुढं सरकत होत्या आणि मी भांडं धरून मागं मागं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्या दिवशी माझं डोकं कशानं तरी तापलेलं होतं.

"आक्का, सुरतेत थंडी पडत नाही हो! काय आहे तिथं एवढं?"

त्यांचा हात थांबला नाही. त्याच लयीत कुंचा फिरवत त्या म्हणाल्या, "माजी जाऊ हाय."

धाकट्या दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हा सोळाची, आक्का एकवीसच्या. दोघी एकाच पत्र्याखाली बसून कातायच्या, एकीचा धागा संपला की दुसरीचा तिथंच जोडला जायचा. तिचं माहेर धर्मापुरीचं. एकदा आक्का तिच्यासोबत तिथं गेल्या होत्या, आणि देवळाबाहेर बसलेल्या गोंदणारणीकडून दोघींनी सारखा विंचू गोंदवून घ्यायचं ठरवलं. आक्कांचा पुरा झाला. धाकटी अर्ध्यात ओरडून उठली आणि पळाली. "तिच्या इचवाला नांगीच न्हाई," आक्का म्हणाल्या, आणि हसल्या.

मग भावाभावांत वाटणी झाली. दोन माग, एक पडीक रान, आणि तिसऱ्याच माणसानं इकडचं तिकडं सांगितलेलं काहीबाही. दोघांनी एकमेकांचं तोंड न बघण्याची शपथ घेतली. धाकटा दीर बायकोपोरांना घेऊन सुरतेला निघाला.

"जायच्या दिशी ती दाराशी आलती," आक्का म्हणाल्या. "मला आवाज दिला. आक्का, म्हनली. दोनदा. मी आतच व्हते. कडी काढली न्हाई."

"का?"

"मालक बसलेते वसरीवर. त्यांची शपत." कुंचा खळीत बुडवून म्हणाल्या, "त्यांची शपत व्हती खरी. पन हात तर माजा व्हता ना."

मालक गेल्यावर त्या एकट्या सुरतेला जाऊन आल्या होत्या. पत्ता नाही, नंबर नाही, नुसतं गावाचं नाव. दोन दिवस कापडाच्या गिरण्यांच्या बाहेर विचारत फिरल्या. "लई मोठं हाय गं ते," एवढंच म्हणाल्या. पुढं बचत गटाच्या दुसऱ्या एका प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं की आता म्हणाल त्या गावातल्या फोनवर तुमचा माल दाखवता येतो. त्या दिवशी संध्याकाळीच आक्कांनी झेरॉक्सच्या दुकानात कागद लावला.

माझ्या हातातलं खळीचं भांडं जड झालं होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बसमध्ये बसल्या बसल्या फोन काढला, आणि मांजरसुंबा यायच्या आत सुरत पुन्हा सुरू केली. फक्त सुरत. बाकी सगळी गावं बंद केली.

*

तीन आठवड्यांनी फोन आला. दुपारची वेळ, आक्का मागावर होत्या. तरुण मुलीचा आवाज, मराठी थोडं गुजराती वळणाचं. घोंगडं पाहिजे म्हणाली. मी आक्कांकडं दिला.

"कुनाला पायजे?"

"सासूबाईंना."

"थंडी वाजती का त्यांला?"

"काय माहीत हो. त्यांना बोलता येत नाही. दसऱ्यानंतर झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी फोन बघत होते, त्या शेजारी होत्या. तुमचा फोटो आला आणि त्यांनी फोन ओढूनच घेतला. सोडतच नाहीत. रडतात नुसत्या. मला वाटलं, घोंगडंच पाहिजे असेल."

आक्कांनी फोन कानाला चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"त्यांच्या हातावर गोंदलंय का?"

"हो. काहीतरी आहे. किडा आहे."

"त्याला शेपूट हाय का?"

तिकडं जराशी खुडबूड. "नाही. अर्धवटच आहे."

आक्कांनी फोन माझ्याकडं दिला, मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढले आणि मेंढ्यांकडं चालत गेल्या. बराच वेळ तिथं पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी पत्ता लिहून घेत होते. दसऱ्यानंतर. दसऱ्याच्या आधी तीन महिने सुरत बंद होती. मी बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. सुरतेत गिरणीच्या मागच्या गल्लीत एक खोली, भिंतीपलीकडं यंत्रमागांची खडखड अशी की बोलणं ओरडूनच करायचं. दीर दारात उभे राहिले. खाली मान, बाजूला व्हायचंही भान नाही. आक्का म्हणाल्या, "भावजी, पानी द्या की," आणि त्यांना वाट मिळाली.

धाकटी खाटेवर होती. आक्का शेजारी बसल्या, तिचा लुळा हात मांडीवर घेतला, बाही मागं सारली आणि त्या बिननांगीच्या विंचवावर हलकीशी चापट मारली. "आजून पुरा केला न्हाई का गं?"

धाकटीच्या घशातून एक आवाज आला. हसणं होतं का रडणं, मला सांगता येणार नाही. आक्का तिच्याशी बोलत राहिल्या. मेंढ्यांचं, पावसाचं, कोण गेलं, कोण आलं, चौदा वर्षांचं सगळं, यंत्रांच्या वर आवाज चढवून. ती डाव्या हातानं त्यांचा पदर धरून ऐकत होती.

निघायच्या आधी आक्कांनी सुनेला बाजूला घेतलं. "हिचा आवाज हाय का गं फोनमदी? पयल्याचा?"

सुनेनं शोध शोध शोधलं. एक सापडला. धाकटीनं कधीतरी बाजारात गेलेल्या सुनेला पाठवलेला निरोप, जेमतेम दहा सेकंदांचा. 'येताना कोथमीर आन. मागल्यावानी वाळकी नको.'

तो आवाज मी आक्कांच्या फोनमध्ये घालून दिला. त्यांनी तो बसमध्ये बसल्यावर लावला. मग पुन्हा लावला. पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा वळून बघून गेला.

सकाळी मांजरसुंब्याला उतरलो. नेकनूरच्या गाडीला वेळ होता. एका ढाब्यावर चहा सांगितला आणि मी आक्कांना सगळं सांगितलं. सुरत कधी बंद केली, कधी सुरू केली, दर सोमवारी काय बोलत होते. सांगताना त्यांच्याकडं बघू शकले नाही, रस्त्यावरच्या ट्रककडं बघत होते.

चहा आला, निवला. नेकनूरची एक गाडी आली आणि गेली, आक्का उठल्या नाहीत.

"दसऱ्याच्या आदी दिसलं आसतं तिला," शेवटी म्हणाल्या, "तर तिनं सोता फोन केला आसता."

"हो."

"आक्का म्हनली आसती."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. थांबवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. मग निवलेला चहा एका घोटात संपवून म्हणाल्या, "तू सा महिनं बंद ठिवलंस. मी चवदा वरीस ठिवलं. मी तुला काय बोलू?"

आणि गाडीत चढताना, मागं न बघता, "पन मला पुन्यांदा खोटं सांगू नको."

*

महिन्याभरात आक्का जाऊन धाकटीला आणि दिरांना घेऊन आल्या. चौदा वर्षांनी दीर त्या मागावर बसले. मला म्हणाल्या, "आता सुरत बंद कर."

"आणि बाकीची गावं?"

"ते तुजं तू बघ. माजं झालं."

मी काही दिवस बघितलं. पण आक्का आता फोन घेईनात. बंगळूरच्या त्या माणसानं एकदा नुसतं बोलायला फोन केला, तोही त्यांनी मलाच घ्यायला लावला. त्यांना वेळच नसायचा. सकाळी धाकटीला उन्हात बसवायचं, हातापायाला तेल चोळायचं, आणि मग समोर बसून तिला बोलतं करायचं. डॉक्टरनं सांगितलं होतं, बोलायला लावत राहा. आक्कांची रीत त्यांची होती.

"भांड," त्या म्हणायच्या. "मी कडी काढली न्हाई. हाय का न्हाई? मंग भांड की माज्यासंगं. चवदा वरसांचं साठलं आसंल. शिव्या दी."

धाकटी नुसती बघायची. आक्का उठून तिचा हात हलवायच्या, पुन्हा बसायच्या. "भांड गं बाई. येवडी मुकी नव्हतीस तू."

होळीनंतर एके दिवशी तिच्या तोंडून एक शब्द फुटला. आक्का भाकरी भरवत होत्या आणि ती तोंड फिरवून म्हणाली, "न्हाई." आक्कांनी ताट तिथंच ठेवलं आणि गावभर सांगत सुटल्या. त्यानंतर धाकटीला तेवढा एकच शब्द यायचा. भूक लागली का? न्हाई. उन्हात बसतीस का? न्हाई. मी कोन हाय? न्हाई. आक्का हसून हसून लोळायच्या. "पयल्यापास्नं आडमुठी हाय," म्हणायच्या, आणि डोळे पुसायच्या.

माझं काम तसं उरलंच नव्हतं. मीही हळूहळू तिथं नुसती बसायला जात होते. कधी लोकर पिंजायला मदत, कधी नुसतंच दोघींच्या मध्ये पोत्यावर. त्या उन्हाळ्यात अंगावर चादर न घेता मी झोपायला लागले होते, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. वहिनीनं सांगितलं तेव्हा आलं.

मग पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. चांगली कंपनी, चांगलं पद. सगळे म्हणाले, जा. मीही म्हणाले, जायलाच पाहिजे. आज मी तिथंच आहे. मोठमोठ्या मालाच्या जाहिराती कुठल्या शहरात, कुठल्या वयाच्या माणसाला दाखवायच्या ते ठरवते. हाताखाली माणसं नेमते. समोर बसलेल्याला काय विचारायचं ते छापील कागदावर असतं, आणि त्या कागदावरच्या प्रश्नांनी मला आजवर एकही माणूस कळलेला नाही. आक्कांना फोन केला तर त्या दोन मिनिटांत 'बरं हाय, ठिव' म्हणतात. जायचं जायचं म्हणत तीन वर्षं झाली, आणि दर वेळी सुट्टीच्या आधी काहीतरी निघतं.

निरोप घ्यायला गेले तो दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो. दोघी अंगणात ऊन खात बसल्या होत्या. आक्का धाकटीच्या केसांत तेल घालत होत्या. मी पुण्याचं सांगितलं. आक्कांचे हात क्षणभर केसांत थांबले.

"कदी जायचं?"

"उद्या."

"बरं." मग त्यांनी वाकून धाकटीच्या कानाशी मोठ्यानं विचारलं, "ही पुन्याला चाललीय. जाऊ द्यायचं का हिला?"

धाकटीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. डावा हात उचलला, माझी ओढणी बोटांत धरली आणि म्हणाली, "न्हाई."

आम्ही तिघं हसलो. आक्का, मागावर बसलेले दीर आणि मी. तिला तेवढंच येत होतं, ती सगळ्यालाच न्हाई म्हणायची. मी हसत हसत तिच्या बोटांतून ओढणी सोडवून घेतली आणि चारची बस पकडली.